आईला शॉक ट्रीटमेंट सुचवली आहे. ज्यांनी घेतली त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बोला

पंचगंगाकाठ

नमस्कार. उत्तरेश्वर पेठेत राहतो. आई साठीच्या आसपासची. गणपतीनंतर हळूहळू गप्प होत गेली. आधी शेजारी जाणं बंद, मग देवपूजा बंद, आता जेवणच बंद. जेव म्हटलं की म्हणते, "आतडी कुजल्यात माझी, घास जाणार कुठं?" सोनोग्राफी, एन्डोस्कोपी करून झाली, पोटात काही नाही. मानसोपचाराच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेसे दिवस देऊन झाल्या. इतकी वाळलीय की हात वर केला की बांगड्या कोपराकडं घसरतात. काल डॉक्टर म्हणाले, आता वाट बघण्यात धोका आहे, ईसीटी म्हणजे शॉक ट्रीटमेंट करूया.

घरात चार तोंडं चार दिशांना. काका म्हणतात, "वहिनीला करंट लावायचा? मग रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पाठवलं काय अन् हे काय!" आजीला नरसोबाच्या वाडीला नेऊन सेवा करायचीय. बहीण पुण्याहून फोनवर हो म्हणते. बाबा काहीच बोलत नाहीत, अंगणात येरझाऱ्या घालतात.

औषधपाण्याचं डॉक्टर सांगतीलच. मला विचारायचंय ते वेगळं. ज्यांनी स्वतः ही ट्रीटमेंट घेतली त्यांना आज काय वाटतं? ज्यांच्या घरात झाली त्यांना काय वाटतं? आणि दोघांचं म्हणणं एकच असतं का?

रगेल_रांगडा

अजिबात नको. माणूस जिवंत राहतो पण आतून संपतो. सिनेमात बघितलंय तेवढं बास.

कसबा_बावडा

सिनेमा बघून कुणाच्या आईचं ठरवू नका हो. ज्याला खरंच माहीत आहे त्याला बोलू दे.

गडहिंग्लजकर

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, माहीत आहे म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाला ऐंशीच्या दशकात शॉक दिले. कुठं ते लिहीत नाही, तिथली माणसं आता राहिली नाहीत. तेव्हा भूल नव्हती. दादाला लाकडी टेबलावर झोपवलं, दातात कापडाची घडी दिली आणि खांद्यांना नि पायांना धरायला आम्हा घरच्यांनाच बोलावलं. तो जागा होता. माझ्याकडं बघत होता.

तो बरा झाला, हे पण सांगतो. त्याआधी रात्रभर विहिरीच्या कडेला जाऊन बसायचा, आम्ही आळीपाळीनं राखण करायचो. ते थांबलं. शेतात परत उभा राहिला, पोरीचं लग्न केलं. पण दवाखान्यात म्हणून परत पाऊल टाकलं नाही, साध्या तापाला सुद्धा. बायको काही म्हणाली की एकच वाक्य, "तुम्ही सगळ्यांनी मला धरलं होतं."

तेव्हा पंचगंगाकाठ, तुमच्या काकांच्या डोळ्यांपुढं जे आहे ते खोटं नाही. त्या पिढीनं ते बघितलंय. त्यांना गप्प बसवू नका, आता काय बदललंय ते दाखवा.

भूलवाली

गडहिंग्लजकर काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून हात थांबला. मी भूलतज्ज्ञ आहे, या जिल्ह्यातच काम करते, ईसीटीसाठी भूल देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. आज काय होतं ते सांगते.

काकांच्या भावाला दिली तशी ट्रीटमेंट आज देणं हा कायद्याचा भंग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९५. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय देता येत नाही. कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही ती करता येत नाही, म्हणजे कुणी रात्री आणला आणि लगेच लावला असं चालत नाही.

प्रत्यक्षात असं असतं. आधी रक्त, ईसीजी, भुलेसाठी तपासणी. सकाळी उपाशीपोटी आणायचं. केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल अजिबात नाही, कारण तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही. हाताला सुई, मग भुलेचं औषध. पेशंट झोपला की एका पायाला बीपीचा पट्टा बांधून घट्ट फुगवायचा आणि मग स्नायू सैल करणारं औषध सोडायचं. पट्टा कशाला? त्या पायात औषध पोचू नये म्हणून. झटका म्हणजे फिट, ती मेंदूत येते, पण अंग हलत नाही. फक्त त्या एका पायाची बोटं थरथरतात, त्यावरून आणि मेंदूच्या आलेखावरून आम्ही मोजतो. दातांमध्ये रबर, नाकातोंडावर ऑक्सिजन. विद्युतप्रवाह काही सेकंद, झटका साधारण अर्धा-एक मिनिट. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतात, त्यानंतर अर्धा तास मात्र माणूस गोंधळलेला असतो. डोकं दुखतं, जबडा दुखतो, मळमळतं.

आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण बहुतेकांना सहा ते बारा वेळा. जिवाचा धोका लाख वेळांत साधारण दोन, म्हणजे भुलेचाच जो धोका असतो त्याच्या आसपास.

अभियंता_उद्यमनगर

करंट नेमका किती असतो? घरच्या लाइनीचा शॉक बसला तर माणूस जागीच जातो, मग इथं का जात नाही?

भूलवाली

पाऊण ते नऊ दशांश अँपियरच्या आसपास, पण सलग नाही. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान ठोके, तेही काही सेकंदच. आणि मार्ग महत्त्वाचा. घरात शॉक बसतो तेव्हा प्रवाह हातातून छातीतून पायात जातो, हृदयावरून. इथं दोन्ही इलेक्ट्रोड डोक्यालाच.

अभियंता_उद्यमनगर

हे पटलं. धन्यवाद.

मेघना_के

मी स्वतः घेतली आहे. आजवर कुठंच लिहिलं नव्हतं.

मुलगी झाली आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला खात्री पटली की हे बाळ माझं नाही, बदललंय, आणि याची शिक्षा मला होणार आहे. झोप संपली. बाळाला हात लावेना. सासूबाईंनी तर तिला माझ्या खोलीत आणायचंच बंद केलं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. ईसीटी सुरू झाली. नवरा सांगतो, तिसऱ्या की चौथ्या वेळेनंतर मी चहा मागितला आणि विचारलं, "पिल्लू कुठाय?" तो तिथंच जिन्यात बसून रडला. हे तो सांगतो. मला आठवत नाही.

तेच सांगायला आलेय. मुलीचं बारसं मला आठवत नाही. फोटो आहेत. पाळण्याशी मी उभी आहे, हिरवी साडी, हातात बाळ, ओठांवर हसू. ती बाई मी आहे हे मला माहीत आहे, पण आतून काही येत नाही. माहेरी डोहाळजेवण झालं तेही अर्धवट. बाळंतपणाच्या आधीचे काही महिने आणि नंतरचे काही आठवडे अशी भोकं आहेत. नंतरचं सगळं नीट आहे, नोकरी करते, हिशेब चुकत नाहीत.

पुन्हा तीच वेळ आली तर घेईन का? घेईन. पण मला आधी सांगितलं होतं, "थोडंफार विसरायला होतं, आठवड्याभरात येतं सगळं." ते खरं नव्हतं. राग ट्रीटमेंटचा नाही, त्या वाक्याचा आहे.

सदा_आशावादी

मेघनाताई, राग मानू नका, पण जीव वाचला, लेकरू वाचलं, संसार उभा राहिला. बारशाच्या आठवणीपायी कुणी इतकं मनाला लावून घेतं का? माझ्या मेव्हण्याला दिली, दोन महिन्यांत दुकानात बसायला लागला. आमच्या घरात तर डॉक्टरांचा फोटो लावायचा बाकी आहे.

मेघना_के

दादा, तुमचा मेव्हणा काय म्हणतो ते लिहा की. तुम्ही काय म्हणता ते लिहिलंत.

सदा_आशावादी

विचारतो.

वाचनवेडा_राजारामपुरी

मेघनाताईंच्या या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला. ईसीटी घेतलेल्यांना काय वाटतं, यावर तोवर जे जे प्रसिद्ध झालं होतं ते एकत्र करून तपासलं. करणाऱ्यांमध्ये स्वतः ईसीटी घेतलेले संशोधकही होते. त्यांना दिसलं की प्रश्न कोण विचारतो, कधी आणि कुठं विचारतो, यावर उत्तर बदलतं. उपचार संपल्या संपल्या, दवाखान्यातच, डॉक्टरांनी थोडक्यात विचारलं की समाधान जास्त. रुग्णांच्या संघटनांनी नंतर सविस्तर विचारलं की कमी. आणि निदान एक तृतीयांश लोकांनी काही आठवणी कायमच्या गेल्याचं सांगितलं.

याचा अर्थ उपचार वाईट असा कुणी काढू नये. गंभीर नैराश्यात, त्यातही पंचगंगाकाठ यांच्या आईसारखा भ्रम सोबत असेल तर, ईसीटीइतकं लवकर लागू पडणारं दुसरं काही नाही, हे मनोविकारशास्त्रात बहुतेकांना मान्य आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घरच्यांना माणूस परत मिळालेला दिसतो. गेलेली आठवण बाहेरून दिसत नाही, ती ज्याची त्यालाच कळते.

इतिहासाचं विचाराल तर १९३८, रोम. उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी. त्याआधी बुडापेस्टमध्ये मेडुना नावाचे डॉक्टर कापरासारख्या औषधांनी झटके आणत, तो प्रकार फार भयंकर होता.

तांबडा_पांढरा

आमच्या आत्याची झाली तेव्हा सोयऱ्यांना सांगितलं, मणक्याचा त्रास आहे, शेक द्यायला नेतोय. झालं! प्रत्येक मावशीनं एकेक मालिशवाला सुचवला, कागलचा एक तर तेलाच्या बाटल्या घेऊन घरीच येऊन थडकला. आत्या खाटेवर बसून पदर तोंडाला लावून हसली. कित्येक महिन्यांनी हसली होती, म्हणून आम्ही त्या मालिशवाल्याला जेवू घालून पाठवला.

शाहूपुरी_चौथी

तुम्ही हसता, पण हे लपवणंच फार महाग पडतं. आमच्याकडं भावाच्या लग्नाच्या वेळी "सांगायचं की नाही" यावरून वर्षभर तंटा चालला. शेवटी भावानं स्वतःच मुलीला रंकाळ्यावर भेटून सांगितलं. ती म्हणाली, माझ्या वडिलांना शुगर आहे हे तुम्ही विचारलंत का? आता दोन मुलं आहेत त्यांना.

रगेल_रांगडा

चांगलं झालं. पण सगळ्यांचं असं होत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाचं लग्न मोडलं याच कारणावरून. म्हणून मी पहिल्यांदा नको म्हणालो होतो. सिनेमाचं लिहायला नको होतं, खरं कारण हे होतं.

राधानगरी_एस्टी

विषय थोडा बाजूला जातो पण बोलतो. आम्ही गावातून बायकोला शहरात आणायचो. उपाशी आणायचं, म्हणजे पहाटेची पहिली एसटी. ती चुकली की दिवस गेला. परत नेताना ती अर्धवट गुंगीत, खिडकीला डोकं टेकून. कंडक्टर चांगला होता, पुढची सीट राखून ठेवायचा. सोबतीला एक माणूस कायम लागतो, म्हणजे त्याचा रोज बुडाला. उसाचा हंगाम होता. घरच्यांचं मत विचारता ना? आमचं मत निम्मं या धावपळीनंच बनलं. शहरातल्या माणसाला नऊ वाजता रिक्षा करून जाता येतं, त्याला हे कळायचं नाही.

बायको बरी झाली का? झाली. वर्षभरानं परत तसंच सुरू झालं. तेव्हा मात्र आम्ही गोळ्या सोडल्या नव्हत्या तरी झालं.

भूलवाली

हे महत्त्वाचं आहे आणि घरच्यांना बऱ्याचदा कुणी सांगत नाही. ईसीटी आजार उतरवते, परत येऊ नये याची हमी देत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ईसीटीनं बरं झालेल्यांना पुढं नुसत्या औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तर सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. लिथियम आणि नॉर्ट्रिप्टिलिन अशी जोडी दिली तेव्हा ते प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. म्हणून शेवटच्या वेळेनंतर काय, हे पहिल्या वेळेच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

राधानगरीदादा, प्रवासाचं तुम्ही म्हणता ते आमच्या लोकांनी ऐकायला हवं. लांबून येणाऱ्याला सलग भरती करून घेता येतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सदा_आशावादी

मेव्हण्याला विचारलं. आधी म्हणाला, "झालं गेलं, कशाला काढताय?" मग जेवताना आपणच बोलला. म्हणाला, "ट्रीटमेंटचं काही नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. सही बायकोनं केली, मला गाडीत बसवलं, चला म्हणाले." इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोर ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत आलो, तो ऐकून घेत होता. मेघनाताई, तुमचा प्रश्न बरोबर होता.

गडहिंग्लजकर

माझ्या दादाचं वाक्य आणि त्यांचं वाक्य एकच की हो. भूल आली, टेबल गेलं, तरी विचारायचं राहिलंच.

पंचगंगाकाठ

सगळं वाचलं, काकांना पण मोठ्यानं वाचून दाखवलं. पायाच्या पट्ट्याचं ऐकून काका जरा निवळले. गडहिंग्लजकरांचं वाचताना उठून आत गेले. थोड्या वेळानं येऊन म्हणाले, त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरात असंच झालं होतं.

आता अडचण आईची. काल मी तिला विचारलं. म्हणाली, "करा काय करायचं ते." बाबा म्हणतात, झाली संमती. मला नाही वाटत. ती तर मरायलाही "करा काय करायचं ते" म्हणेल. याला हो म्हणायचं का?

वाचनवेडा_राजारामपुरी

नाही. कायद्याच्या भाषेत तिला तीन गोष्टींपैकी काही जमतंय का ते डॉक्टरांनी बघायचं असतं: सांगितलेलं समजतंय का, करण्या-न करण्याचे परिणाम उमगतात का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेनं, कसाही सांगता येतो का. जमत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलायला ठरलेला माणूस, संमती देऊ शकतो, पण ती कायमची नसते. कलम ८९ खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, भरती असेल तर रुग्णाची स्वतः संमती देण्याची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची असते. म्हणजे चार-पाच वेळांनंतर आई सुधारली की तिला परत विचारायचं. तेव्हा तिनं पुढं नको म्हटलं तर ते ऐकायचं.

मेघना_के

दादा, तुम्ही विचारू नका. मुलानं विचारलं की आई मुलाला बरं वाटेल तेच बोलते. डॉक्टरांना सांगा, घरचं कुणी खोलीत नको, त्यांनी एकट्यांनी बसून विचारावं. आणि आठवणींचं तिला खरं खरं सांगायला लावा. बहुतेक परत येतं, उपचाराच्या आसपासचं काही येत नाही, क्वचित त्याआधीचंही जातं. इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना लावणार की फक्त उजव्या बाजूला, हे पण विचारा. एका बाजूला लावले की आठवणींना धक्का कमी बसतो. तिची तब्येत बघता डॉक्टर दोन्ही बाजूंचं म्हणाले तर का ते समजून घ्या.

आणि आजपासून तिच्यासाठी एक वही ठेवा. कोण येऊन गेलं, काय बोललं, तिनं काय खाल्लं. मला अशी वही कुणी ठेवली असती तर फार बरं झालं असतं.

कसबा_बावडा

आजीच्या वाडीचं काय ठरलं? त्यांना तोडून टाकू नका. आमच्याकडं आईच्या वेळी डॉक्टरच म्हणाले, दर्शनाला जाऊन या, फक्त उपचार थांबवू नका. आजी एकदम मऊ झाली.

पंचगंगाकाठ

आजी नि काकू पौर्णिमेला वाडीला जाऊन येणार आहेत, आईच्या नावानं. आई इथंच.

आज डॉक्टर आईजवळ एकटे बसले, बराच वेळ. आम्ही बाहेर बाकावर. नंतर त्यांनी आईला विचारूनच आम्हाला सांगितलं. तिनं दोन गोष्टी विचारल्या. एक, "पोरं ओळखू येतील ना?" त्यांनी सांगितलं, येतील, पण या दिवाळीचं कदाचित आठवणार नाही. त्यावर ती म्हणाली, "ही दिवाळी कुठं माझी झाली?" दुसरं, जागी असताना लावणार का. नाही म्हटल्यावर तिनं सही केली. हात थरथरत होता पण पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. नको वाटलं तर कधीही थांबवता येतं हे तिला सांगितलंय. प्रतिनिधी म्हणून तिनं बहिणीचं नाव दिलं, माझं नाही. मला जरा लागलं, पण तिचा निर्णय.

सोमवारी पहिली वेळ. काका गाडी काढणार आहेत.

भूलवालीताई, एक विचारायचं राहिलं. आईला सकाळची बीपीची गोळी असते आणि रात्री झोपेची. उपाशी आणायचं म्हणजे दोन्ही बंद का?

भूलवाली

मनानं काहीच बंद करू नका. बीपीची गोळी बहुतेक वेळा सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगतात. झोपेची गोळी कुठली आहे ते मात्र उद्याच फोन करून कळवा, कारण त्यातल्या काहींमुळं झटका नीट येत नाही आणि डॉक्टरांना ती कमी करावी किंवा बदलावी लागते. अशी गोळी एकदम तोडायची नसते, त्यामुळं सोमवारी सकाळी सांगून उपयोग नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. कवळी असेल तर काढून, एखादा दात हलत असेल तर तेही आधी सांगा. बांगड्या आणि मंगळसूत्र घरीच उतरवून ठेवा, तिथं घाईत काढायला लावलं की बायकांना फार लागतं.